कागदावर ए, प्लाझ्म्यात बी

नऊ वर्षांच्या मुलाचं सॅम्पल इन्हिबिटर (दिलेला फॅक्टर निकामी करणारी अँटिबॉडी) तपासणीला आलं होतं. चिठ्ठीवर 'हिमोफिलिया ए', म्हणजे रक्त गोठवणाऱ्या फॅक्टर आठची कमतरता; बी प्रकारात फॅक्टर नऊ कमी असतो. गुडघ्यात वारंवार रक्तस्राव, फॅक्टर आठ देऊनही फरक नाही. अशा वेळी अँटिबॉडीचा संशय येणं रास्तच.

पहिली ट्यूब परत पाठवली. निळ्या झाकणाच्या ट्यूबमधल्या, रक्त गोठू न देणाऱ्या ०.३ मिली सायट्रेटला २.७ मिली रक्त लागतं, इथे जेमतेम २ होतं. सायट्रेट जास्त पडलं की चाचणीत रक्त गोठावं म्हणून नंतर घातलेलं कॅल्शियमही ते बांधून ठेवतं आणि गोठण्याची वेळ उगाच लांबते. वर ती बर्फात आलेली! प्लाझ्मा वेगळा न करता रक्त गार ठेवलं तर फॅक्टर आठ आणि व्हॉन विलब्रँड फॅक्टर दोन्ही घटतात.

दुसरं सॅम्पल समोरच घेतलं. शेवटचं इंजेक्शन पंधरा दिवसांपूर्वीचं, म्हणजे उरलासुरला फॅक्टर आकड्यांत लुडबुडणार नव्हता. प्लाझ्मा दोनदा फिरवला. ०.१ मिली प्लाझ्मा, तेवढंच रिएजंट, ३७ अंशांवर पाच मिनिटं, मग ०.१ मिली कॅल्शियम क्लोराइड आणि स्टॉपवॉच. एपीटीटी, म्हणजे गोठायला लागलेली वेळ (आठ किंवा नऊ कमी असला की ती लांबते), ९४ सेकंद, कंट्रोल ३२. पीटी, ही गोठण्याची वेळ मोजणारी दुसरी चाचणी, नॉर्मल. नॉर्मल पूल्ड प्लाझ्मा (अनेक निरोगी लोकांचा एकत्र केलेला) निम्मा मिसळला तर एपीटीटी ३६; इन्हिबिटर असता तर तो लांबलेलाच राहिला असता. आठविरुद्धचा इन्हिबिटर बऱ्याचदा सावकाश काम करतो, म्हणून मिश्रण दोन तास ३७ अंशांवर ठेवून पुन्हा पाहिलं. ३८. इन्हिबिटरची खूण कुठेच नाही.

मग आठ उपयोगी का पडत नव्हता?

फॅक्टर असे (assay, प्रत्येक फॅक्टरची पातळी मोजणारी चाचणी) लावण्याआधी जुनी, स्वस्त युक्ती केली. अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडने शोषून घेतलेल्या नॉर्मल प्लाझ्म्यात आठ उरतो, नऊ जातो. शिळ्या सीरममध्ये (रक्त गोठल्यावर उरलेल्या द्रवात) उलट. मुलाचा एपीटीटी शिळ्या सीरमने सुधारला, शोषलेल्या प्लाझ्म्याने हललासुद्धा नाही. इथे एक खबरदारी: शोषलेल्या प्लाझ्म्याचा पीटी मिनिटाच्या वर गेलाय ना, हे आधी बघायचं. शोषण अर्धवट राहिलं तर नऊ मागे उरतो आणि दोन्हींनी सुधारणा दिसते.

असेमध्ये आठ ९६ टक्के, नऊ १ टक्क्याहून कमी. तीव्र हिमोफिलिया बी.

जुनी फाइल उघडली तर त्यात फक्त एपीटीटी आणि मिक्सिंग. ए जास्त आढळतो म्हणून कुणीतरी ए लिहिलं आणि पुढच्या प्रत्येक चिठ्ठीवर तेच उतरत गेलं. लक्षणांवरून ए-बी ओळखता येत नाही, औषध मात्र वेगळं. आठचं एक युनिट दर किलोला दिलं तर पातळी साधारण २ टक्क्यांनी वाढते, नऊचं साधारण १ टक्क्याने. म्हणजे डोसाचं गणितही नव्याने मांडायचं. रिपोर्ट टाइप होण्याआधीच डॉक्टरांना फोन केला.

"माझ्या भावालाही असंच व्हायचं," आई म्हणाली. भाऊ आणि मुलगा दोघांनाही हाच आजार, म्हणजे ती वाहक ठरलीच. मुलाच्या धाकट्या बहिणीचा नऊ ७१ टक्के आला. त्यावर 'वाहक नाही' लिहिता येत नाही. वाहक मुलीची पातळीही नॉर्मल असू शकते. तिच्या रिपोर्टवर 'जनुक चाचणी आवश्यक' एवढंच लिहिलं.