तुम्ही विचारलंत म्हणून: प्रेषितांच्या मागं चालायचं म्हणजे काय

हा प्रश्न मला वर्षातून दहा-बारा वेळा तरी येतो. चर्चच्या तरुण संघाची पोरं विचारतात, लग्नात पंगतीला शेजारी बसलेले पाहुणे विचारतात, आणि शहापुरातला माझा एक जुना मित्र आहे, तो ख्रिस्ती नाही पण तोसुद्धा विचारतो, की तुम्ही सारखं प्रेषित प्रेषित म्हणता, म्हणजे येशूचे ते पहिले शिष्य, ती माणसं दोन हजार वर्षांपूर्वीची, मग आज इथं बेळगावात राहून त्यांच्या मागं चालायचं म्हणजे तुम्ही करता काय? तोंडी उत्तर दरवेळी अर्धवट राहतं, म्हणून एकदा सगळं लिहून काढतोय.

उत्तरं बरीच आहेत. कॅथलिक बांधव म्हणतील की प्रेषितांनी ज्यांच्या डोक्यावर हात ठेवला त्यांनी पुढच्यांच्या डोक्यावर ठेवला, अशी बिशपांची न तुटलेली साखळी आहे, तिच्यात राहणं म्हणजे प्रेषितांच्या मागं राहणं. पेंटेकॉस्टल मंडळीतले म्हणतील की प्रेषित पेत्रानं लंगड्याला उठवलं तसं आजही घडतं, घडायला पाहिजे. कुणी म्हणेल घराघरात जमा, भाकर मोडा, असेल ते वाटून खा. यातलं एकही मी खोटं म्हणणार नाही. पण मला कुणी विचारलं की मी बायबलमधलं 'प्रेषितांची कृत्ये' हे पुस्तक काढतो आणि सहावा अध्याय उघडतो, पहिल्या सात ओळी, त्यापलीकडं जायची गरजच पडत नाही.

गोष्ट यरुशलेमची. शिष्य वाढत चाललेत आणि मंडळीत दोन भाषा आहेत, एक तिथल्या स्थानिक यहूद्यांची आणि दुसरी ग्रीक, बाहेरगावाहून येऊन राहिलेल्या यहूद्यांची. विश्वास एक, प्रभू एक, प्रार्थना एक. पण रोजचं अन्न वाटताना ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवा राहून जायला लागल्या. आणि कुरकुर सुरू झाली. बायबलमध्ये शब्दच तो आहे, कुरकुर. आमच्या भागातल्या माणसाला यापुढं काही समजावून सांगावं लागत नाही, खानापूर असो निपाणी असो, भाषेवरून कुरकुर म्हणजे काय हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

आता बघा प्रेषितांनी काय केलं. तुम्ही आध्यात्मिक माणसं, भाषेचं कशाला काढता, असं ते बोलले नाहीत. आधी सिद्ध करा म्हणाले नाहीत. सगळ्यांना बोलावलं आणि सांगितलं, तुमच्यातलेच सात जण तुम्हीच निवडा, हे काम त्यांच्याकडं. मग सात नावं येतात, स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकनोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव. सातही ग्रीक नावं! कमिटीत तुमचा एक माणूस घेतो असं नव्हे, नावांवरून तरी असंच दिसतं की ज्यांची तक्रार होती, आख्खा कारभारच त्यांच्या हातात गेला, आणि ज्यांचं पोट आधीपासून भरत होतं त्या स्थानिकांच्या विधवांनाही आता हेच लोक वाढणार. एवढा भरवसा टाकायचा म्हणजे सोपं नाही हो.

हे मी पुष्कळ वर्षं वाचत होतो, यावर उपासनेत बोललोही होतो, पण कळलं ते २०२० च्या लॉकडाऊनमध्ये. आमच्या चर्चमध्ये मराठी उपासना वेगळी आणि कन्नड वेगळी, वेळ वेगळी, व्हॉट्सअॅप ग्रुप वेगळा. गरजू घरांना तांदूळ, तूरडाळ, तेल, साखर द्यायचं ठरलं आणि यादी करायचं काम माझ्याकडं आलं. मी आमच्या ग्रुपवरून यादी केली, म्हणजे मुद्दाम कुणाला वगळलं नाही, जी घरं डोळ्यांसमोर होती ती लिहिली, आणि माझ्या डोळ्यांसमोर मराठी घरं होती. वाटपाच्या दिवशी एक म्हातारी आली, नवरा जाऊन पाच-सहा वर्षं झालेली, हातात घडी घातलेली रिकामी पिशवी, आणि हळूच म्हणाली, "नम्म हेसर इल्लेन्री?" आमचं नाव नाही का हो. मी वही वरपासून खालपर्यंत बघितली. नव्हतंच. तिच्या गल्लीतलं एकही नाव नव्हतं.

त्या रात्री मला झोप आली नाही. सहावा अध्याय तोंडपाठ असलेला माणूस मी, आणि मी कुरकुर करणाऱ्यांत नव्हतो, ज्यांच्यामुळं कुरकुर झाली त्यांच्यात होतो.

दुसऱ्या दिवशी पाळकसाहेबांना सगळं सांगितलं आणि वही व स्टोअरची किल्ली कन्नड महिला मंडळातल्या दोन अक्कांकडं दिली. आमच्यातले काही जण नाराज झाले, आता आपल्या लोकांना मिळेल का म्हणाले. मिळालं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी आमच्याकडच्या दोन घरांची नावं घातली जी मलासुद्धा सुचली नव्हती.

इथं एक गोष्ट सांगायलाच पाहिजे, नाहीतर तुम्हाला वाटेल मी सीमाप्रश्न, म्हणजे बेळगाव महाराष्ट्रात यावं ही मागणी, सोडून दिला. तसं नाही. १९५६ पासून आमच्या घरात तो प्रश्न जेवणाच्या ताटापर्यंत आहे, बेळगाव कर्नाटकात घातलं त्याचा निषेध म्हणून माझे वडील १ नोव्हेंबरला काळा दिवस पाळायचे, मीही पाळतो, मराठी शाळा बंद पडते तेव्हा मला दुखतं. पण १ नोव्हेंबर जवळ आला की मी एक करायचो, वर्षभर ज्या कन्नड बांधवाच्या घरी चहा प्यायलो, आमची चार माणसं बरोबर असली की त्याला रस्त्यात बघून न बघितल्यासारखं करायचो. प्रेषित पौलानं गलतीकरांना, म्हणजे गलतिया प्रांतातल्या मंडळ्यांना, पत्रात लिहिलंय ते हेच. अंत्युखिया शहरात पेत्र परराष्ट्रीयांबरोबर, म्हणजे यहूदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांबरोबर, एका पंगतीत जेवत होता, यरुशलेमकडचे यहूदी लोक आले तसा भिऊन मागं सरला, त्याचं बघून पौलाचा सोबती बर्णबासुद्धा, आणि पौलानं सगळ्यांच्या देखत पेत्राला तोंडावर सांगितलं की हे चूक आहे. प्रेषितसुद्धा आपल्याच माणसांना घाबरले, हे लपवून न ठेवता लिहून ठेवलंय, म्हणून तर मला त्यांच्या मागं चालायचा धीर येतो. माझी मागणी कोर्टात राहू दे, सभेत राहू दे, पण पंगतीतून उठायचं नाही, एवढं मी त्यावरून धरलं. आता मी हाक मारतो. पहिल्या वर्षी जड गेलं.

पैशाचंही असंच आहे. पौल यरुशलेममधल्या गरिबांसाठी मासेदोनिया, अखया या ग्रीसकडच्या प्रांतांतल्या मंडळ्यांकडून वर्गणी जमवत होता, पण ती एकटा घेऊन गेला नाही, मंडळ्यांनी निवडलेली माणसं बरोबर घेतली, हिशोबात कुणाला बोट दाखवायला जागा राहू नये म्हणून. आणि पैसे देणारे बहुतेक परराष्ट्रीय, घेणारे यहूदी! आमच्या तांदळाच्या वहीवर आता दर महिन्याला चार सह्या होतात, दोन मराठीत, दोन कन्नडमध्ये.

चमत्काराचं काय, असं पोरं हटकून विचारतात. व्हय की, मी प्रार्थना करतो आजाऱ्यांसाठी, आणि देव बरं करतो यावर माझा विश्वास आहे. पण प्रेषित या शब्दाचा अर्थच पाठवलेला, आणि मला कुठं पाठवलंय हे मला त्या म्हातारीच्या रिकाम्या पिशवीनं सांगितलं, म्हणून मी आधी तिकडं जातो.

ती आता नाही, गेल्या पावसाळ्यात वारली, मातीला दोन्ही उपासनांची माणसं होती. तिच्या गल्लीत अजून अकरा घरं आहेत. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, प्रभुभोजनानंतर आम्ही मागच्या खोलीत तांदूळ मापतो. ज्यांनी विचारलंत त्यांनी या, पोती उचलायला माणसं कमी पडतात.