सोहोमधला लॉफ्ट घ्यायचाय? आधी कलाकार आहात का ते सांगा

न्यू यॉर्कच्या सोहो भागात एक लॉफ्ट विकायला निघालाय. लॉफ्ट म्हणजे आपला सामानाचा माळा नव्हे, जुन्या कारखान्याचा अख्खा मजला, राहायला केलेला. आम्ही राहतो शेजारच्या न्यू जर्सीत, पण रविवारी दुसऱ्यांची घरं बघत फिरायचा दोघांनाही नाद आहे आणि ऐपत नसली तरी ओपन हाऊसला, म्हणजे विकायचं घर सगळ्यांना बघायला उघडं ठेवतात तेव्हा, कोणी अडवत नाही, म्हणून गेलो.

जागा कमाल आहे हो. एवढं उंच सिलिंग, मधे बिडाचे खांब, या टोकापासून त्या टोकापर्यंत एक भिंत नाही आणि रस्त्याच्या बाजूला माणसापेक्षा उंच खिडक्या. त्या काही शोभेसाठी नव्हत्या, एकोणिसाव्या शतकात इथे कापडाची गोदामं आणि कारखाने होते, विजेचे दिवे अजून यायचे होते, मग उजेड आतपर्यंत पोचायचा तर खिडकी मोठीच हवी, आणि दर्शनी भाग बिडाचा असला की जाड दगडी भिंत लागत नाही. फाउंड्रीत ओतलेले भाग कॅटलॉगातून निवडायचे, आणून बोल्ट मारायचे, झाली बिल्डिंग. आपल्या मुंबईतल्या काळा घोड्याचं वॉटसन हॉटेल याच पिढीतलं, त्याचा सांगाडा तर इंग्लंडहून जहाजाने आला. सोहोच्या फुटपाथवर काही ठिकाणी अजून जाड काचेच्या गोल टिकल्या दिसतात, तळघरात उजेड जावा म्हणून बसवलेल्या. मला तर लॉफ्टपेक्षा त्याच जास्त आवडल्या.

किचनलाही भिंत नाही, म्हणजे मिरचीची फोडणी दिली की बेडवरचा माणूस खोकणार. नवऱ्याचा प्रश्न वेगळाच, पाहुणे आले की झोपायचं कुठे? असो.

खरी गंमत जाहिरातीच्या तळाशी बारीक अक्षरात होती, एआयआर. म्हणजे आर्टिस्ट इन रेसिडन्स. दुसऱ्या महायुद्धानंतर इथले कारखाने हळूहळू गेले, रिकाम्या मजल्यांवर चित्रकार, शिल्पकार शिरले, भाडं कमी आणि जागा भरपूर, पण झोनिंग, म्हणजे कुठल्या भागात काय चालेल याचा शहराचा नियम, कारखान्यांचं असल्यामुळे राहणं बेकायदा. आगी इतक्या लागायच्या की फायरवाले या भागाला 'नरकाचे शंभर एकर' म्हणायचे, मग दारावर एआयआरची पाटी आणि मजल्याचा नंबर लावायची पद्धत आली, आग लागली तर वर माणूस राहतो हे कळावं म्हणून. 1971 मध्ये शहराने राहायला परवानगी दिली, पण फक्त शहराच्या संस्कृती खात्याने सर्टिफिकेट दिलेल्या कलाकारांना.

आणि मग व्हायचं तेच झालं. डोनाल्ड जड या शिल्पकाराने 1968 मध्ये स्प्रिंग स्ट्रीटवरची अख्खी पाच मजली बिल्डिंग 68 हजार डॉलरला घेतली होती, आज तेवढ्यात या लॉफ्टचं डाउन पेमेंटही होणार नाही. गॅलऱ्या नव्वदच्या दशकात न्यू यॉर्कमधल्याच चेल्सी भागात गेल्या, खाली महागडे बुटीक आले, कलाकाराला परवडेना पण अट मात्र कलाकाराचीच. ब्रोकरला विचारलं तर हसून म्हणाला, कोणी तपासत नाही. अरे, एवढे मिलियन कोणी तपासत नाही या भरवशावर घालायचे?

2021 च्या रीझोनिंगमध्ये यातून सुटायची वाट ठेवली, चौरस फुटाला 100 डॉलर भरा आणि कलाकाराची अट नसलेलं साधं घर करून घ्या. दोन हजार फुटांच्या जागेला सरळ दोन लाख डॉलर झाले. त्यावरून कोर्टकचेरीही झाली, तेव्हा आज नेमकं काय लागू आहे ते वकिलाकडूनच ऐका, ब्रोकरकडून नाही. को-ऑप, म्हणजे आपल्या सोसायटीसारखी बिल्डिंग, असेल तर तिच्या बोर्डाला एआयआरबद्दल लेखी विचारा, बँक लोन देते का ते बघा, आणि हा भाग 1973 पासून लँडमार्क, म्हणजे संरक्षित वारसा आहे, त्यामुळे त्या सुंदर खिडक्या मनाला येईल तशा बदलता येत नाहीत. हिवाळ्यात हीटिंगचं बिल काय येतं तेही विचारा, उंच सिलिंग फुकट नसतं.

येताना 141 वूस्टर स्ट्रीटला 'अर्थ रूम' बघितली. वॉल्टर दे मारिया या कलाकाराचं काम, 1977 पासून सोहोतला 3,600 चौरस फुटांचा मजला नुसत्या काळ्या मातीने भरलेला, साधारण दोन फूट जाड, प्रवेश फुकट. मातीला पाणी घालतात, दाताळ्याने सारखी करतात आणि काही उगवलं तर उपटून टाकतात. नवरा बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, मेथी काय झकास येईल इथे!