खड्याचा आकार आणि त्याची जात

खानापूरच्या आमच्या थोरल्या काकांचा मुतखडा सोनोग्राफीत ९ मिलिमीटरचा दिसला, पण एक्स-रेमध्ये तो उमटलाच नाही, तेव्हा बेळगावच्या मूत्ररोगतज्ज्ञांनी शस्त्रक्रियेची तारीख देण्याऐवजी साधा, रंगद्रव्य न टोचता होणारा सीटी स्कॅन करून घ्यायला सांगितले. अहवालात खड्याची घनता ४२० हाउन्सफील्ड एकके होती. साधारणपणे १००० च्या वरचा खडा, तो फोडण्यासाठी शरीराबाहेरून दिलेल्या आघातलहरींना सहसा दाद देत नाही. उलट ५०० च्या खालचा, एक्स-रेत न दिसणारा खडा बहुधा युरिक आम्लाचा असतो आणि लघवीची आम्लता उतरवणाऱ्या पोटॅशियम सायट्रेटने तो विरघळू शकतो. स्कॅनचा खर्च काकांना खटकला (मुतखड्यावर घरगुती उपाय म्हणून खातात ती पानफुटीची पाने परसात फुकट मिळतात!), मला मात्र तो रास्त वाटला. आता ते रोज सकाळी कागदी पट्टी बुडवून लघवीचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप; आम्लता उतरली की तो चढतो) ६.५ च्या आसपास आहे का, हे पाहतात.