टोकियो ते ओसाका साध्या गाडीने: आधी अतामी–तोयोहाशीचा बंदोबस्त करा

शिंकानसेन टाळून टोकियोहून ओसाकाला जायचं तर अंतर ५५६.४ किलोमीटर आणि वेळ नऊ ते साडेनऊ तास. यातला सगळा त्रास एकाच तुकड्यात साठलेला आहे, अतामी ते तोयोहाशी, १८९ किलोमीटर. बाकी प्रवास कोणालाही जमेल. या तुकड्याचा विचार न करता निघालात तर ओसाकाला पोचेपर्यंत माणूस पार पिळून निघतो आणि दुसरा दिवस हॉटेलात झोपून जातो. इंटरनेटवरची निम्मी वर्णनं याबद्दल अवाक्षर काढत नाहीत. उरलेली निम्मी इतकी जुनी आहेत की त्यांच्यावर विसंबून तिकीट काढलं तर पैसे वाया जातील.

म्हणून तिकिटापासून सुरुवात. ‘सेइशुन जूहाची किप्पु’ म्हणजे जेआरच्या (जपान रेल्वेच्या) साध्या आणि जलद गाड्यांनी जपानभर हवं तितकं फिरायचं मोसमी तिकीट. ते १९८२ पासून चालू आहे. नावात अठरा (जूहाची) असलं तरी वयाची अट नाही आणि परदेशी नागरिकालाही मिळतं. वसंत, उन्हाळा आणि हिवाळा अशा तीन सुट्ट्यांत विक्री होते, तारखा दर वेळी जाहीर होतात. जुन्या लेखांत वाचाल की पाच दिवस हवे तेव्हा सुटे वापरा, पाच मित्रांत एक तिकीट वाटून घ्या, स्टेशनच्या तिकीट-फाटकावर शिक्का मारून घ्या. २०२४ च्या हिवाळ्यापासून यातलं काहीही लागू नाही. आता तिकीट सलग ३ दिवसांचं १०,००० येनला किंवा सलग ५ दिवसांचं १२,०५० येनला मिळतं, आणि एका तिकिटावर एकच माणूस. पहिला दिवस कोणता ते खरेदी करतानाच सांगावं लागतं. फायदा एवढाच की तिकीट आता स्वयंचलित फाटकातून जातं. पलीकडे ते बाहेर येतं, तिथून उचलायला विसरू नका.

‘मूनलाइट नागारा’ ही रात्रीची टोकियो–ओगाकी गाडीही डोक्यातून काढून टाका. तिची शेवटची फेरी २०२० च्या मार्चमध्ये झाली. रात्री झोपून सकाळी ओगाकीला उतरण्याची सोय आता नाही, सगळं दिवसाउजेडीच उरकावं लागतं.

आता हिशेब. टोकियो–ओसाका एका बाजूचं साधं भाडं नऊ हजार येनच्या आसपास आहे. म्हणजे फक्त जायचं असेल तर ३ दिवसांचं किप्पु घेणं चूक आहे, सरळ चूक. जाऊन-येऊन असेल आणि मधल्या दिवशी नारा किंवा हिमेजी करायचं असेल तरच ते परवडतं. एकाच बाजूला जाणाऱ्याने साधं कागदी तिकीट काढावं. त्याचे दोन गुण फार कमी लोकांना ठाऊक असतात. पहिला, या अंतराला तिकीट ४ दिवस चालतं आणि वाटेत कुठेही फाटकाबाहेर पडून पुन्हा आत येता येतं (टोकियोचे २३ वॉर्ड आणि ओसाका शहराची हद्द सोडून). दुसरा गुण जास्त कामाचा: मधल्या एखाद्या तुकड्यापुरतं शिंकानसेनमध्ये बसायचं झालं तर फक्त एक्सप्रेसचा अधिभार भरायचा. किप्पुवर हे चालत नाही, त्या तुकड्याचं मूळ भाडंही वेगळं मोजावं लागतं.

सुईका, म्हणजे आधी पैसे भरून ठेवायचं प्रवासाचं कार्ड, टॅप करून निघू नका. अतामीच्या पुढे कार्डाची हद्द बदलते. टोकियोला टॅप करून शिझुओकाला उतरलात तर फाटक उघडत नाही, आणि मग खिडकीवर रांग लावून रोखीने हिशेब मिटवावा लागतो.

टोकियो–अतामी १०४.६ किलोमीटर, सुमारे दोन तास. हा भाग सोपा आहे, एक युक्ती सांगून पुढे जातो. या गाड्यांत चौथा आणि पाचवा डबा ग्रीन कारचा असतो, मागे रेलणाऱ्या खुर्च्यांचा. किप्पु किंवा साध्या तिकिटावर वर पैसे भरून तिथे बसता येतं. सुईकावरचा दर १०० किलोमीटरपर्यंत १,००० येन, त्यापुढे १,५५० येन. अतामी १०४.६ वर असल्यामुळे वरच्या दरात जाते, पण अलीकडचं स्टेशन युगावारा ९९.१ वर आहे. ग्रीन तिकीट युगावारापर्यंतच काढा आणि शेवटची पाच-सहा मिनिटं साध्या डब्यात उभे राहा. ५५० येन वाचतात. तिकीट गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रावर घ्या आणि सीटवर बसलं की डोक्यावरच्या खुणेला कार्ड लावा, लाल दिवा हिरवा होतो. बऱ्याच गाड्या उत्तरेकडून, ताकासाकी किंवा उत्सुनोमियाहून भरून येतात, तेव्हा टोकियोला जागा मिळेलच असं धरू नका. सकाळी सहाच्या आत निघालात तर बहुतेक मिळते. गाडी ओदावारापर्यंतच आहे की अतामीपर्यंत, ते पाटीवर वाचून चढा.

आता मुद्द्याची गोष्ट.

अतामीला रेल्वे कंपनी बदलते आणि गाडीही. टोकियोहून आलेली गाडी दहा नाहीतर पंधरा डब्यांची, पुढची तीन-चार, फार तर सहा डब्यांची. जोडगाडी पकडायला सगळे एकदमच उतरतात आणि बॅगा घेऊन जिन्याकडे धावतात. त्यात पळू नका. या मार्गावर दिवसा तासाला साधारण तीन गाड्या आहेत. समोरची भरलेली गाडी सोडून द्या, शौचालयाला जाऊन या, पाण्याची बाटली घ्या आणि पुढच्या गाडीसाठी फलाटावरच्या खुणेवर पहिले उभे राहा. वीस मिनिटं जातात, पण सव्वा तास बसायला मिळतं. जोडगाडी पाच मिनिटांत आहे म्हणून ॲप कौतुकाने दाखवतं, ते मानू नका. ॲपला पोचण्याची वेळ कळते, तुम्ही उभे आहात की बसलेले हे कळत नाही.

बसायला मिळालं तरी सुख बेताचंच. या गाड्या शाळकरी मुलं आणि कामावर जाणारी माणसं यांच्यासाठी आहेत, लांबच्या प्रवाशांसाठी नाहीत. मेट्रोसारखी खिडकीला पाठ करून बसायची लांब बाकं, पाठ ताठ, डोकं टेकायला जागा नाही. हिवाळ्यात बाकाखालचा हीटर पोटऱ्या भाजतो, म्हणून बॅग पायामागे सरकवू नका, आतला खाऊ वितळतो. अतामी–शिझुओका सव्वा तास, शिझुओका–हामामात्सु आणखी तेवढाच, मग तोयोहाशीपर्यंत पस्तीस मिनिटं. गाड्या बदलण्यासकट सव्वातीन तास होतात. काही गाड्या अतामीहून थेट हामामात्सुपर्यंत जातात, अडीच तासांहून जास्त. न बदलता जायचं म्हणून लोक त्या शोधतात. जागा मिळाली असेल तरच ती शहाणपणाची, उभ्याने ती शिक्षा आहे.

शौचालयाबद्दलची भीती मात्र आता जुनी झाली. पूर्वीच्या २११ मालिकेच्या डब्यांत शौचालय नसायचं आणि त्यावरून या तुकड्याची बदनामी झाली होती. २०२४ पासून इकडे ३१५ मालिकेच्या गाड्या येऊ लागल्या, त्यांत शौचालय आहे, मोठं, चाकाची खुर्ची जाईल असं. पण गाडी लहान असली तर शौचालय एकच, आणि गर्दीत तिथवर पोचणं कठीण. म्हणून अतामी, शिझुओका, हामामात्सु या तीन ठिकाणी उतराल तेव्हा गरज नसली तरी जाऊन या.

जागा मिळवायचा खात्रीचा उपाय म्हणजे शिहात्सु, त्याच स्टेशनातून सुटणारी गाडी. नुमाझु, ओकित्सु, शिझुओका आणि शिमादा इथून अशा गाड्या निघतात. वेळापत्रकात गाडी कुठून सुटते ते बघा. अतामीहून आलेल्या खच्चून भरलेल्या गाडीतून शिझुओकाला उतरून, थोडं थांबून तिथूनच सुटणारी पकडणं केव्हाही बरं.

फुजी बघायचा असेल तर बसायची बाजू आधी ठरवा. पश्चिमेकडे जाताना फुजी उजव्या हाताला येतो. पण बाकावर आपल्याला दिसते ती समोरची खिडकी. म्हणून डावीकडच्या, समुद्राच्या बाजूच्या बाकावर बसा, तरच तो समोर येतो. अतामीनंतर लगेच ७.८ किलोमीटरचा तान्ना बोगदा लागतो. तो संपल्यावर नुमाझुपासून फुजी स्टेशनपर्यंत, कागद गिरण्यांच्या धुराड्यांमागे तो दिसत राहतो. उन्हाळ्यात दुपारी बहुतेक वेळा ढगातच असतो, आशा ठेवू नका. युई आणि ओकित्सु यांच्यामध्ये डोंगर, रूळ, महामार्ग आणि समुद्र एकमेकांना खेटून येतात. ते दृश्य मात्र डावीकडे, म्हणजे तुमच्या पाठीमागे. मान वळवावी लागेल.

बाकावर बसून बेंतो (जेवणाचा डबा) उघडू नका. आडव्या, म्हणजे गाडीच्या दिशेने तोंड असलेल्या खुर्च्यांच्या गाडीत जेवणं चालतं, इथे शेजाऱ्याच्या कोपराला कोपर लागतो आणि समोर शाळेच्या मुली बसलेल्या असतात. कोणी काही बोलत नाही, पण सगळ्यांना ते खटकतं. चहाचा घोट किंवा एखादी ओनिगिरी (भाताचा गोळा), एवढ्यावर भागवा. पाठीवरची सॅक उभं राहिल्यावर छातीवर घ्यायची, हा तिथला रोजचा शिरस्ता आहे. फोनचा आवाज बंद, फोनवर बोलणं नाही. चाकांची मोठी बॅग घेऊन या मार्गाला येऊच नका. ती कुरियरने हॉटेलवर पाठवा आणि खांद्यावर मावेल तेवढंच घ्या, कारण दर बदलाला जिना आहे.

यातून सुटायचं असेल तर शिझुओका–हामामात्सु हा ७६.९ किलोमीटरचा तुकडा कोदामा (सगळ्या स्टेशनांवर थांबणाऱ्या) शिंकानसेनने उडवा. अर्ध्या तासाच्या आत पोचता. विनाआरक्षण एक्सप्रेसचा अधिभार १,७६० येन. साधं तिकीट असेल तर एवढेच पैसे. किप्पु असेल तर वर १,३४० येन मूळ भाडं, म्हणजे ३,१०० येन. माझं मत स्पष्ट आहे: साधं तिकीट असणाऱ्याने हे करावंच. किप्पुवाल्याने उभ्याने शिझुओकापर्यंत आला असेल तर करावं, बसून आला असेल तर पैसे ठेवावेत.

हामामात्सुनंतर बेंतेनजिमाला हामाना सरोवराच्या पाण्यात उभा असलेला लाल तोरी (देवळाच्या कमानीसारखा दरवाजा) डावीकडे दिसतो, मग तोयोहाशी. इथे छळ संपतो. तोयोहाशी–नागोया जलद गाडी पन्नासेक मिनिटांत नेते, खुर्च्या आडव्या, भरपूर डबे. नागोयाला फलाटावरच्या दुकानात उभ्याने किशिमेन (चपट्या नूडल्स) खा, दहा मिनिटांत होतं. पुढे ओगाकीपर्यंत काही सांगण्यासारखं नाही.

ओगाकी–माइबारा फक्त ३५.९ किलोमीटर, पण इथे पुन्हा तीच गोष्ट: मोठ्या गाडीतून लहान गाडीत. सुट्टीच्या दिवसांत इथली धावपळ अतामीपेक्षा वाईट असते, आणि इथे अतामीची युक्ती चालत नाही, कारण पुढची गाडी अर्ध्या-एक तासाने. म्हणून नागोयालाच जिन्याजवळच्या डब्यात चढा आणि गाडी ओगाकीत शिरायच्या आधी दाराशी जा. पळू नका, भरभर चाला. जागा नाही मिळाली तरी पस्तीस मिनिटं उभं राहता येतं. डिसेंबर ते फेब्रुवारीत वाटेतल्या सेकिगाहाराला बर्फ पडतो आणि गाड्या उशिराने धावतात, तेव्हा हातात एक तास जास्तीचा ठेवा.

माइबारानंतर शिनकाइसोकु (विशेष जलद गाडी) ताशी १३० किलोमीटरने धावते, आरामाच्या खुर्च्या, क्योतो तासाच्या आत, ओसाका दीड तासाच्या आत. तोवर संध्याकाळ झालेली असते आणि बहुतेक जण झोपलेले असतात. क्योतोला उतरायचं असेल तर फोनवर कंपनाचा गजर लावा.

तारखांबद्दल: १३ ते १६ ऑगस्ट ओबोन (पूर्वजांचा सण) आणि २९ डिसेंबर ते ३ जानेवारी, या दिवसांत हा मार्ग धरू नका. टोकियो-योकोहामात नोकरीला असलेल्या मराठी मंडळींना सुट्टी नेमकी तेव्हाच असते हे ठाऊक आहे, तरीही सांगतो. त्या दिवसांत शिंकानसेनचे पैसे मोजा नाहीतर घरी राहा.

आणि पाऊस. वादळ आलं की युई–ओकित्सुची किनाऱ्याची पट्टी लवकर बंद होते. किप्पु एकदा वापरायला सुरुवात केली की गाड्या रद्द झाल्या तरी परतावा मिळत नाही, दिवसही वाढवून मिळत नाही. वादळाचा अंदाज असेल तर पहिला दिवस सुरू होण्याआधीच खिडकीवर जाऊन तारीख बदलून घ्या. वाटेतच अडकलात तर फुजी स्टेशनवर बसून राहू नका. गाड्या चालू असतील तर मिशिमाला मागे फिरा, शिंकानसेनचं तिकीट तिथे मिळतं. फुजी शहराचं शिंकानसेन स्टेशन वेगळं आहे, शिन-फुजी, आणि तिथे जायला बस किंवा टॅक्सी करावी लागते.