त्यातले तुझे किती?

"अभ्यासाला एआय वापरतेस ना, मग त्यातले तुझे किती?" हा प्रश्न मला गेल्या दोन वर्षांत इतक्या जणांनी विचारला आहे की समोरच्याचे वाक्य पुरे होण्याआधीच मी उत्तर शोधू लागते, आणि ते दर वेळी वेगळे निघते. मावशी काळजीने विचारते, शिक्षक संशयाने विचारतात आणि दोन इयत्ता मागे असलेली मुले आशेने विचारतात, कारण मला काहीतरी युक्ती सापडली आहे असा त्यांचा समज आहे. मी कधी "सगळे माझेच" म्हणते, कधी "ते नुसते साधन आहे" म्हणते, तर कधी विषय बदलते. ही तिन्ही उत्तरे अपुरी आहेत हे मला ठाऊक आहे. तुम्ही पुन्हा विचारलेत, म्हणून एकदा नीट लिहून सांगते.

मी एआय वापरते आणि ते लपवत नाही. गणितात एखादी पायरी अडली की ती मी त्याच्याकडून समजून घेते, परीक्षेआधी धड्यावर प्रश्न विचारायला लावते आणि माझे उत्तर कुठे तोकडे पडले ते शोधायला सांगते. देवनागरीत वेगाने टंकलेखन करणे, आकडे तक्त्यात मांडून त्यांचा आलेख काढणे, एखादी माहिती मूळ कुठून आली याचा माग काढणे, जुनी मासिके स्कॅन केलेल्या संग्रहांत शोधणे, हे सगळे मी हळूहळू स्वतः शिकले. यातले काय शिकायला किती दिवस लागले, असे मला कोणी विचारत नाही. संगणकाशी संबंधित काहीही चांगले जमले की ते यंत्राच्या खात्यावर जमा होते आणि चुकले की माझ्या, हे मला मनापासून अन्यायाचे वाटते.

ज्या प्रकल्पामुळे हा प्रश्न मला चिकटला तो इतिहासाचा होता. वैद्यकशास्त्रातला एक शोध आणि त्याला मिळालेला प्रतिसाद असा विषय होता आणि मी एकोणिसाव्या शतकातला डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस निवडला. व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी काम करत, दुसऱ्यात सुईणी. डॉक्टरांच्या विभागात बाळंतज्वराने कितीतरी जास्त बायका मरत. १८४७ मध्ये सेमेलवाइसचे सहकारी कोलेच्का यांना शवविच्छेदनाच्या वेळी चाकू लागला आणि ते अगदी तशाच लक्षणांनी गेले. शवविच्छेदन करून थेट प्रसूतिगृहात जाणारे हातच रोग नेत असावेत, असा निष्कर्ष सेमेलवाइसने त्यावरून काढला आणि मे महिन्यात क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे केले. त्या विभागातले एप्रिलमधले मृत्यूचे प्रमाण सुमारे १८ टक्के होते, ते जूनमध्ये २ टक्क्यांच्या आसपास आले. तरीही अनेक डॉक्टरांनी त्याचे म्हणणे मानले नाही.

या प्रकल्पात एआयने मला दोनदा जवळजवळ फसवले होते आणि दोन्ही वेळा मी ते पकडले, हे इथे मुद्दाम नोंदवते. हातांवरचे जिवाणू रोग पसरवतात हे सेमेलवाइसने सिद्ध केले, असे एआयने लिहून दिले होते. सेमेलवाइसला जिवाणू माहीतच नव्हते. तो प्रेतांतून हातांना चिकटणाऱ्या कुजक्या कणांबद्दल बोलत होता आणि पाश्चरचे जंतूंविषयीचे निर्णायक काम त्यानंतरच्या दशकांतले आहे. दुसऱ्या वेळी एआयने एका लेखाचा संदर्भ दिला, लेखकाचे नाव आणि पृष्ठक्रमांक यांसह. तीन संध्याकाळी शोधल्यावर माझी खात्री पटली की असा लेख कोणी लिहिलेलाच नाही. हे माझ्यासारख्या शाळकरी मुलीच्याच बाबतीत घडते असे नाही. चॅटजीपीटीने रचलेले खोटे निवाडे न्यायालयात सादर केल्याबद्दल जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये वकिलांना ५००० डॉलर दंड झाला होता. हे यंत्र कपाटातून पुस्तक काढून पाहत नाही. आधीच्या शब्दांनंतर कोणता शब्द येणे संभवनीय आहे त्यावरून ते वाक्य पुढे नेते, आणि खऱ्या संदर्भासारखा दिसणारा खोटा संदर्भ त्याच वाटेने तयार होतो. हे मला कळले होते, मी तपासले होते, आणि म्हणूनच स्वतःवर माझा फार विश्वास बसला होता.

आता ती गोष्ट सांगते जी मी आजवर कोणालाच पूर्ण सांगितलेली नाही.

प्रकल्पात एक वाक्य होते. डॉक्टरांनी विरोध का केला याबद्दल मी लिहिले होते: "हात धुवा असे डॉक्टरांना सांगणे म्हणजे, आजवर ज्या बायका मेल्या त्या तुमच्याच हातांनी मेल्या हे मान्य करा असे सांगणे होते; क्लोरीनच्या पाण्यात हात बुडवणारा प्रत्येक जण एका कबुलीजबाबावर सही करत होता." हे वाक्य माझे होते. ते मी सात वेळा लिहिले. आधी त्यात 'अहंकार' हा शब्द होता, तो काढला, कारण नुसता अहंकार असता तर तो आकडे पाहून कधीतरी वितळला असता. 'सही' हा शब्द सगळ्यात शेवटी सुचला, आणि तो सुचल्यावर मी उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या.

शेवटचा परिच्छेद मात्र माझा नव्हता. सकाळी प्रकल्प द्यायचा होता, रात्री पावणेअकरा वाजले होते, आणि आजच्या काळात स्वच्छतेचे महत्त्व काय, हा ठरावीक समारोप लिहिण्याची माझी अजिबात इच्छा नव्हती. मी एआयला सांगितले, "शाळेत शिकणाऱ्या मुलीच्या साध्या भाषेत लिही." त्याने लिहिले. मी दोन शब्द बदलले आणि ते सारे जसेच्या तसे माझ्या फाइलमध्ये चिकटवले. त्या क्षणी मला अपराधी वाटले नाही, हेही सांगायला हवे. हा भाग बिनमहत्त्वाचा आहे, असे मी स्वतःला समजावले होते.

तोंडी परीक्षेच्या दिवशी इतिहासाच्या बाईंसमोर माझा प्रकल्प उघडा होता आणि त्यावर पेन्सिलीच्या दोन खुणा होत्या. पहिली माझ्या वाक्याखाली होती. बाई म्हणाल्या, "हे तुझे नाही. या वयात कोणी असे लिहीत नाही." लेखन माणसाचे की यंत्राचे हे सांगणाऱ्या एका सॉफ्टवेअरनेही त्या पानावर मोठा आकडा दाखवला होता. मग त्यांनी शेवटचे पान उलटले आणि त्यांचा आवाज मऊ झाला. "हा परिच्छेद बघ. साधा आहे, प्रामाणिक आहे. यात मला तू दिसतेस. असेच लिहीत जा."

मी म्हणाले, "बाई, ते वाक्य माझेच आहे." बाईंनी शांतपणे विचारले, "सिद्ध करू शकशील?"

मी ते सिद्ध करू शकत होते. मी ज्या ऑनलाइन फाइलमध्ये लिहिले होते तिची व्हर्जन हिस्टरी उघडता येत होती. त्यात कोणत्या वेळी काय लिहिले, काय खोडले याच्या नोंदी राहतात. त्या वाक्याचे सातही प्रयत्न दोन दिवसांच्या नोंदींमध्ये पसरलेले होते, 'अहंकार' येताना आणि जाताना दिसला असता. लॅपटॉप माझ्या दप्तरात होता आणि माझा हात दप्तरापर्यंत गेला. तेव्हा माझ्या लक्षात आले की त्याच यादीत, त्याच पडद्यावर, रात्री पावणेअकराच्या नोंदीत तो समारोप एकही अक्षर न खोडता अख्खा अवतरलेला दिसेल. ज्या पुराव्याने माझे वाक्य मला परत मिळणार होते, तोच पुरावा बाईंना आवडलेला परिच्छेद माझ्याकडून काढून घेणार होता.

मी हात मागे घेतला आणि म्हणाले, "नाही."

वीसपैकी पाच गुण कापले गेले, ते मी विसरले असते. पुढच्या आठवड्यात बाईंनी तो शेवटचा परिच्छेद वर्गात वाचून दाखवला, स्वतःच्या भाषेत कसे लिहावे याचा नमुना म्हणून. मी तिसऱ्या बाकावर बसून ऐकत होते. माझे नाव ऐकून सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. हे मी विसरू शकलेले नाही.

यानंतर बरेच महिने मी फक्त त्या सॉफ्टवेअरला दोष देत राहिले, आणि माझ्याकडे सबळ कारणे होती. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने जानेवारी २०२३ मध्ये असेच एक साधन आणले होते. त्यांच्याच चाचणीत त्याला यंत्राने लिहिलेला मजकूर फक्त २६ टक्के वेळा ओळखता आला आणि माणसाचे लेखन ९ टक्के वेळा त्याने यंत्राचे ठरवले. ते इंग्रजीखेरीज इतर भाषांसाठी वापरू नका, असे त्यांनी तेव्हाच सांगितले होते, आणि अचूकता कमी असल्याचे कारण देऊन जुलैमध्ये ते बंद केले. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात साधने तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांचे निम्म्याहून अधिक निबंध त्या साधनांनी सरासरीने यंत्राच्या नावावर टाकले होते. हे सगळे मी पाठ करून ठेवले होते आणि कोणी छेडले की ऐकवत असे. त्यातले सगळे खरे आहे. पण दप्तरातून माझा हात मागे आला तो यातल्या कोणत्याही आकड्यामुळे नाही, आणि हे आकडे ऐकवताना मी ती गोष्ट दर वेळी गाळत आले.

त्याआधीच्या वर्षी मी वर्गातल्या वादविवादात एआयच्या बाजूने बोलले होते. माझा मुख्य मुद्दा कॅल्क्युलेटरचा होता: अमेरिकेतल्या गणित शिक्षकांच्या राष्ट्रीय परिषदेने १९८० मध्येच वर्गात कॅल्क्युलेटरचा पुरेपूर उपयोग करावा अशी शिफारस केली होती, त्यावरही असाच गदारोळ झाला, आणि गणित काही बुडाले नाही. तेव्हाच्या त्या मुलीशी, म्हणजे माझ्याशीच, मी अजून भांडते. कॅल्क्युलेटरने केलेला गुणाकार माझ्या आवाजात बोलत नाही, तो ऐकून कोणी "यात मला तू दिसतेस" असे म्हणत नाही. पण ती मुलगीही गप्प बसत नाही. ती विचारते, त्या समारोपाला तूच फालतू म्हणत होतीस ना? जे लिहावेसे कोणालाच वाटत नाही आणि वाचावेसेही वाटत नाही, ते यंत्राने लिहिले तर नेमके काय हरवले? याला माझ्याकडे पटण्याजोगे उत्तर नाही. मी इतकेच म्हणू शकते की तो परिच्छेद एका माणसाने मनापासून वाचला होता आणि त्यात मला शोधले होते.

आणखी एक गोष्ट आहे, जी कबूल करणे मला त्याहून कठीण जाते. त्या प्रसंगानंतर मी वाईट लिहू लागले, आणि जाणूनबुजून. एखादे वाक्य चांगले उतरले की मला भीती वाटायची, मग मी त्यातला नेमका शब्द काढून सपाट शब्द घालायची, लांब वाक्य मोडायची. एकदा तर एक चूक दुरुस्त न करता तशीच ठेवली, कारण चूक असली की लेखन माणसाचे वाटते. शाळकरी मुलगी कशी लिहिते याची यंत्राची कल्पना आणि बाईंची कल्पना एकच निघाली होती, आणि मी स्वतःला कापून त्या कल्पनेत बसवत होते. जवळजवळ एक सत्र मी असे घालवले. त्या काळातल्या वह्यांमध्ये यंत्राचा एक शब्दही नाही, पण "यातले तुझे किती?" असे त्यांच्याबद्दल कोणी विचारले तर मला खाली पाहावे लागेल.

आता मी प्रत्येक प्रकल्पासोबत व्हर्जन हिस्टरी जोडते आणि यंत्राला काय विचारले तेही शेवटी लिहिते. त्याने प्रश्न सुटतो असे नाही. गेल्या महिन्यात मी माझा एक युक्तिवाद एआयला दाखवला आणि त्यातली कच्ची बाजू शोधायला सांगितली. त्याने ती शोधली, मी दोन दिवस त्यावर विचार केला आणि माझे मतच बदलले. नवे परिच्छेद अक्षरन् अक्षर मी लिहिले आणि नोंदीत तसेच दिसेल. पण तो आक्षेप माझा नव्हता आणि त्याच्याशिवाय ते परिच्छेद झाले नसते. मैत्रिणीने तो घेतला असता तर तिचे नाव घेऊन मी मोकळी झाले असते. इथे मी 'एआयची मदत घेतली' असे लिहिले, आणि एका ओळीत ती कधी कमी सांगितल्यासारखी वाटते, कधी जास्त.

म्हणून मावशी, किती टक्के माझे हे मी अजूनही सांगू शकत नाही. मात्र त्या एका प्रकल्पापुरते मला अचूक सांगता येते: कबुलीजबाबाचे वाक्य माझे होते, शेवटचा परिच्छेद माझा नव्हता. बाई अजून आम्हाला शिकवतात. हे त्यांच्या वाचनात आले तर त्यांना एवढेच सांगायचे आहे की ती फाइल मी पुसलेली नाही, आणि तुम्ही म्हणाल तेव्हा ती सगळ्या नोंदींसह तुमच्यासमोर उघडते.