विंडोज ११ टाकलं आणि प्रॉडक्ट की अडली? आधी एडिशन बघा

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे जुळे सोलापुरातल्या कॉलेजच्या पोरांपासून अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या चादर-टॉवेलवाल्यांच्या ऑफिसपर्यंत सगळ्यांनाच ११ टाकून हवं आहे. टाकून मिळतंही. मग काही दिवसांत स्क्रीनच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात 'अॅक्टिव्हेट विंडोज' अशी फिकट अक्षरं उमटतात, वॉलपेपर बदलता येत नाही, आणि दुकानातून उत्तर येतं, "की घ्यावी लागंल, त्याचे पैसे वेगळे."

लॅपटॉप विंडोजसकट विकत घेतलेला असेल तर ही की, म्हणजे विंडोज खरं असल्याचा २५ अक्षरांचा कोड, बहुतेक वेळा घ्यावी लागत नाही. लायसन्स मशीनमध्येच असतं. चुकलेली असते ती एडिशन, म्हणजे होम, प्रो असा विंडोजचा प्रकार.

विंडोज ८ आलं त्या वर्षापासून, म्हणजे २०१२ पासून, कंपन्या लॅपटॉपखाली कीचं स्टिकर चिकटवायचं हळूहळू सोडून ती की थेट मदरबोर्डवरच्या बायॉसमध्ये (मशीन सुरू करणाऱ्या, चिपमधल्या प्रोग्रामात) लिहू लागल्या. एमएसडीएम नावाच्या छोट्या टेबलात ती बसलेली असते आणि विंडोजचा सेटअप ती स्वतःच वाचतो. विंडोज १० पासून त्यात डिजिटल लायसन्सची भर पडली. एकदा मशीन अॅक्टिव्हेट झालं की त्याच्या हार्डवेअरची, मुख्यतः मदरबोर्डची, ओळख मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर नोंदली जाते. हार्ड डिस्क काढून एसएसडी लावली, रॅम ४ ची ८ केली, दहा वेळा फॉरमॅट मारला, तरी ही नोंद जात नाही. १० होमचं लायसन्स ११ होमला तसंच्या तसं चालतं. म्हणून सेटअपने की विचारली तर खालच्या 'आय डोन्ट हॅव अ प्रॉडक्ट की' वर क्लिक करायचं आणि पुढे जायचं. इंटरनेट जोडलं की अॅक्टिव्हेशन आपोआप होतं.

घोळ होतो तो त्याच्या पुढच्या पानावर. तिथे होम, होम सिंगल लँग्वेज, प्रो, एज्युकेशन अशी यादी येते आणि माणूस प्रो निवडतो, कारण नाव भारी वाटतं. आपल्याकडे विकले जाणारे घरगुती लॅपटॉप बहुतांशी होम सिंगल लँग्वेजचे असतात. लायसन्ससाठी होम आणि होम सिंगल लँग्वेज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, प्रो तर लांबच. सिंगल लँग्वेजच्या मशीनवर प्रो टाकलं की सर्व्हरवर त्या जोडीची नोंदच सापडत नाही आणि एरर येते. दुकानातल्या पेनड्राइव्हवर नुसतं प्रो असेल तर निवडीचा प्रश्नही येत नाही, तेच बसतं.

खालून वर जाता येतं, वरून खाली येता येत नाही, हा नियम लक्षात ठेवा. होमवर प्रोची खरी की टाकली तर फॉरमॅट न मारता प्रो होतं. चुकून बसलेल्या प्रोवर होमची की टाकली तर ती स्वीकारली जात नाही. डेटा काढून घेऊन योग्य एडिशन पुन्हा टाकावी लागते. त्यामुळे बघायचं ते आधी.

फॉरमॅट मारण्यापूर्वी सेटिंग्ज, सिस्टम, अॅक्टिव्हेशन (१० मध्ये सेटिंग्ज, अपडेट अँड सिक्युरिटी, अॅक्टिव्हेशन) या पानाचा मोबाईलवर फोटो काढा. एडिशनचं नाव आणि 'डिजिटल लायसन्स' हे शब्द त्यात दिसले पाहिजेत. मग कमांड प्रॉम्प्ट उघडून एसएलएमजीआर, एक जागा सोडून स्लॅश, आणि त्याला जोडून डीएलआय असं टाइप करा. छोटी खिडकी येते. तिच्यात चॅनल, म्हणजे लायसन्स कुठल्या वाटेने आलं ते, लिहिलेलं असतं आणि सगळी मेख तिथेच आहे. ओईएम अंडरस्कोर डीएम असेल तर की बायॉसमध्ये आहे, निश्चिंत राहा. रिटेल असेल तर एकतर बॉक्समधून किंवा स्टोअरमधून घेतलेली असते, नाहीतर डिजिटल लायसन्सने अपग्रेड झालेलं मशीन असतं. व्हॉल्यूम असं काही दिसलं तर ते लायसन्स कुठल्यातरी कंपनीचं किंवा संस्थेचं आहे, किंवा क्रॅक, म्हणजे चोरून अॅक्टिव्हेट केलेलं, आहे.

बायॉसमधली की प्रत्यक्ष वाचायची असेल तर जुन्या व्हिडिओंत डब्ल्यूएमआयसीची लांबलचक कमांड सांगतात. नव्या ११ मध्ये ती बहुधा बसवलेलीच नसते आणि 'ओळखता येत नाही' असं उत्तर येतं. पॉवरशेलमध्ये गेट-सीआयएमइन्स्टन्स वापरून सॉफ्टवेअरलायसन्सिंगसर्व्हिस या क्लासमधली ओए३एक्स-ओरिजिनल-प्रॉडक्ट-की ही माहिती मागवा (तिचं नाव मधल्या रेघांशिवाय, सलग लिहायचं). उत्तर कोरं आलं तर बायॉसमध्ये की नाही. अशी मशिनं तीन प्रकारची: विंडोज ७ च्या काळातली, सुटे भाग जोडून बनवलेली, आणि स्वस्त पडतो म्हणून विंडोजऐवजी फ्री डॉस किंवा लिनक्ससह घेतलेला लॅपटॉप. या तिसऱ्या प्रकारात लायसन्स कधी नव्हतंच. दुकानदाराने 'विंडोज टाकून देतो' म्हणत जे दिलं होतं ते उसनं होतं, आणि आता खरंच विकत घ्यावं लागेल.

फुकटचे की-फाइंडर डाउनलोड करून मिळालेली की वहीत जपून ठेवण्यात अर्थ नाही. डिजिटल लायसन्सने अॅक्टिव्हेट झालेल्या मशीनवर विंडोज एक सर्वसाधारण की बसवतं आणि ती जगभरातल्या सगळ्या मशीनवर सारखीच असते. शेवटची पाच अक्षरं ८एचव्हीएक्स७ असली तर ती होमची, ६एफ४बीटी असली तर सिंगल लँग्वेजची, ३व्ही६६टी असली तर प्रोची. या कीने इन्स्टॉल होतं, एडिशन बदलते, पण अॅक्टिव्हेशन होत नाही. यूट्यूबवर 'फ्री प्रो की' म्हणून फिरते ती हीच.

प्रोची की रीतसर घेतली असेल आणि बायॉसमध्ये होमची असेल, तर सेटअप बायॉसमधली उचलून गुपचूप होम बसवतो. लोक इथे पेनड्राइव्हच्या सोर्सेस फोल्डरमध्ये ईआय.सीएफजी किंवा पीआयडी.टीएक्सटी नावाची फाइल बनवून सेटअपला वळवतात. चालतं ते. पण त्यापेक्षा होम बसू द्यावं, अॅक्टिव्हेट होऊ द्यावं, आणि मग अॅक्टिव्हेशनच्या पानावर 'चेंज प्रॉडक्ट की' मधून प्रोची की टाकावी. कटकट कमी, आणि काही फिसकटलं तर होमचं लायसन्स शाबूत राहतं.

'दिलेली की उपलब्ध असलेल्या कुठल्याच विंडोज इमेजशी जुळत नाही' अशा अर्थाचा इंग्रजी संदेश सेटअपच्या सुरुवातीलाच आला तर दोष पेनड्राइव्हचा असतो. बायॉसमध्ये सिंगल लँग्वेजची की आणि पेनड्राइव्हवर नुसतं प्रो किंवा बिझनेस आयएसओ (विंडोज टाकायची एकत्र फाइल), ज्यात होम नसतंच. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मल्टी-एडिशन आयएसओ उतरवा. पेनड्राइव्ह किमान ८ जीबीचा लागतो आणि त्यावरचा सगळा मजकूर पुसला जातो.

कारखान्याच्या ऑफिसात फॉरमॅट कुणालाच नको असतो, कारण बिलिंग, जीएसटी, डिजिटल सहीचा टोकन, प्रिंटर हे सगळं पुन्हा बसवायला दिवस जातो. तिथे चालू विंडोजमधूनच आयएसओ उघडून सेटअप चालवायचा. पण 'फाइल्स आणि अॅप्स ठेवा' हा पर्याय राखाडी होऊन बसतो आणि दाबताच येत नाही. त्याचं कारण एडिशनइतकंच अनेकदा भाषा असते. मशीनवर अमेरिकी इंग्रजी आणि आयएसओ इंग्लिश इंटरनॅशनल, किंवा उलट, असं असलं तर अॅप्स राखता येत नाहीत. सेटिंग्जमध्ये इंग्लिश इंडिया दिसतं त्यावर जाऊ नका, मूळ भाषा वेगळी असते. डीआयएसएम या कमांडच्या गेट-इंटल या पर्यायातून ती कळते. आणि फॉरमॅट टळतच नसेल तर टॅलीचं लायसन्स आधी सरेंडर करा, म्हणजे त्या मशीनवरून सोडवून घ्या. विंडोजची की शोधता शोधता टॅलीही अडकलं की महिनाअखेरीला हिशेबनीस दारात उभा राहतो.

पुण्या-मुंबईच्या कंपन्यांतून निघालेले जुने लॅपटॉप सोलापुरात भरपूर येतात. मशीन दणकट असतं, पण त्यावर कंपनीचं एंटरप्राइज एडिशन असतं आणि ते कंपनीतली सगळी मशिनं अॅक्टिव्हेट करणाऱ्या केएमएस सर्व्हरकडून अॅक्टिव्हेट झालेलं असतं. ही मुदत १८० दिवसांची, आणि सर्व्हर भेटेल तसतशी ती वाढत राहते. कंपनीचं नेटवर्क सुटलं की सर्व्हर भेटत नाही, मुदत संपते आणि सी००४एफ०७४ किंवा ८००७००७बी हा कोड येतो. इथे घाबरून की विकत घेऊ नका. अशा मशीनच्या बायॉसमध्ये बऱ्याचदा प्रोची की असते. स्वच्छ प्रो टाकलं, नेट जोडलं, की काम होतं. फक्त प्रोसेसर बघा: ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते, शिवाय टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), सिक्युअर बूट, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा. सहाव्या-सातव्या पिढीच्या आय५ वर जुगाड करून ११ बसतं, अॅक्टिव्हेटही होतं, पण पुढच्या अपडेटची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. त्यापेक्षा १० ठेवून वाढीव सुरक्षा अपडेट घेणं शहाणपणाचं. घरगुती वापरासाठीची ती योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहे.

कोडचं थोडक्यात. सगळ्यांच्या पुढे ०एक्स असतं, ते सोडून देतो. सी००४एफ०५० म्हणजे टाइप करताना चूक किंवा दुसऱ्याच एडिशनची की. सी००४सी००८ म्हणजे की आधीच दुसऱ्या मशीनवर वापरली आहे. सी००४सी००३ म्हणजे सर्व्हरने ती की ब्लॉक केली आहे. सी००४एफ२१३ म्हणजे या मशीनला कीच सापडली नाही. सी००४एफ२११ आणि ८०३एफ७००१ हे बहुधा हार्डवेअर बदलल्यावर येतात. कोडऐवजी नुसतंच 'सर्व्हरशी संपर्क होत नाही' आलं तर आधी घड्याळ बघा. जुन्या लॅपटॉपची घड्याळ चालू ठेवणारी सीमॉस बॅटरी मेलेली असते, तारीख मागे पडते आणि सुरक्षित जोडणीच होत नाही. तारीख नीट करून पुन्हा प्रयत्न करा. बॅटरी बऱ्याच मॉडेलमध्ये सीआर२०३२ असते, वायरवाली.

कागदावरून की वाचताना २५ अक्षरांत काय नसतं ते माहीत असलं की अर्धी चूक टळते. शून्य, १ आणि ५ हे अंक नसतात. अक्षरांपैकी ए, ई, आय, एल, ओ, एस, यू, झेड नसतात. झेड वाटतो तो २ असतो, एस वाटतो तो ८ किंवा बी. बी आणि ८, जी आणि ६ मात्र खरोखर फसवतात. विंडोज ७ च्या जुन्या स्टिकरवरची की आता टाकू नका. फुकट अपग्रेडची मुदत २०१६ मध्ये संपल्यावरही ती बरीच वर्षं चालत होती, पण सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो रस्ता बंद केला. ज्या मशीनवर त्याआधीच १० अॅक्टिव्हेट झालं होतं, त्याचं डिजिटल लायसन्स आजही चालतं.

मदरबोर्ड बदलला तर गोष्ट वेगळी. अधिकृत सर्व्हिस सेंटर नव्या बोर्डात की लिहून देतं. बाहेर मात्र मेलेल्या दुसऱ्या लॅपटॉपचा बोर्ड बसवतात, आणि त्याच्या बायॉसमध्ये त्याची स्वतःची की असते, कदाचित वेगळ्याच एडिशनची. तेव्हा आपली जुनी एडिशन विसरून बोर्डात काय आहे ते वाचा आणि तेच टाका. रिटेल लायसन्स असेल आणि ते आधीच मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडलेलं असेल, तर अॅक्टिव्हेशन ट्रबलशूटरमध्ये 'हार्डवेअर नुकतंच बदललं' हा पर्याय वापरता येतो. खातं आधी जोडावं लागतं, नंतर नाही.

आणि बोर्ड किंवा बायॉसच्या सेटिंगला हात लावण्याआधी बिटलॉकरची (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणाऱ्या सोयीची) रिकव्हरी की काढून ठेवा. ती ४८ आकडी असते, नुसते अंक, आणि मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. निळ्या पडद्यावर ती मागितली जाते तेव्हा लोक तिथे २५ अक्षरांची प्रॉडक्ट की टाकत बसतात. प्रॉडक्ट की हरवली तर पैसे जातात. ही हरवली तर डेटा.

काही शेकड्यांत मिळणाऱ्या ऑनलाइन कीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: घेऊ नका. त्या बऱ्याचदा कुठल्यातरी संस्थेच्या व्हॉल्यूम लायसन्समधून फुटलेल्या असतात. आज अॅक्टिव्हेट होतात, पुढे कधीतरी ब्लॉक होतात, आणि विकणारा तोवर गायब. क्रॅक त्याहून वाईट, कारण तो चालवण्यासाठी आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, आणि त्याच मशीनवरून तुम्ही बँकेचे व्यवहार करता.

दुकानातून लॅपटॉप घेताना काउंटरवरच कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि मघाचीच कमांड डीएलआयऐवजी एक्सपीआर लावून चालवा. 'पर्मनंटली अॅक्टिव्हेटेड' आलं तर डीएलआयचं चॅनलही एकदा बघून पैसे द्या. मुदतीची तारीख दिसली तर मशीनवर कंपनीचं लायसन्स किंवा क्रॅक आहे, आणि ती २०३८ सालची असेल तर क्रॅकच. दुकानदाराला बायॉसमधल्या कीची एडिशन टाकून द्यायला सांगा आणि बिलावर एडिशनचं नाव लिहून घ्या.