खानापूरच्या मिशन बालगृहात एकवीस दिवस: मधल्या माणसाला एक रुपया देऊ नका

पैशाचं आधी सांगते, कारण घरी येऊन पंधरा दिवस झाले तरी ते डोक्यातून जात नाही.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात सिस्टर लोक चालवतात अशा मुलींच्या एका बालगृहात मी जुलैमध्ये एकवीस दिवस काम करून आले. जायची व्यवस्था पुण्यातल्या एका स्वयंसेवक पाठवणाऱ्या मंडळींनी केली आणि त्याचे २४,५०० रुपये घेतले. राहणं, जेवण, बेळगाव स्टेशनवरून गाडी आणि उरलेले मुलींसाठी, असं ठरलं होतं. चौथ्या दिवशी रात्री भांडी घासून झाल्यावर मी मोठ्या सिस्टरना सहज विचारलं, माझ्या पैशांतून काय घेतलंत? त्यांना माझा प्रश्नच कळेना. मग त्यांनी कपाटातून जमाखर्चाची वही काढली आणि जून-जुलैची पानं माझ्यापुढे उलटली. दोन पोती तांदूळ देणारा शेतकरी त्यात होता, लग्नाच्या वाढदिवसाला एक वेळचं जेवण देणारं बेळगावचं जोडपं होतं, साठ वह्या देणारे एक मास्तर होते. माझं नाव कुठेच नव्हतं. त्या मंडळींनी सिस्टरना फक्त फोन केला होता, "एक मुलगी येतेय, ठेवून घ्याल का?"

तिथे चौतीस मुली आहेत. दिवसाला नऊ किलो तांदूळ शिजतो. पन्नास रुपये किलोने धरला तरी माझ्या पैशांत ४९० किलो आला असता, म्हणजे चोपन्न दिवसांचा भात. हा हिशेब मी त्याच रात्री केला आणि पहाटेपर्यंत डोळा लागला नाही. पुण्याला चार मेल केले. "व्यवस्थापन खर्च" एवढंच उत्तर आलं, पैसे आले नाहीत.

म्हणून सांगते, थेट बालगृहाशी बोला. बेळगावात बिशप हाऊसला किंवा मेथॉडिस्ट चर्चमध्ये जाऊन विचारलंत तरी तालुक्यात कुठे काय आहे ते कळतं. ज्या घरी मी होते तिथे स्वयंसेवकाकडून काहीच घेत नाहीत. द्यायचंच असेल तर खानापूरच्या बाजारातून तांदळाचं पोतं घेऊन जा आणि वहीत नोंद करायला लावा. फोनवर दोन प्रश्न जरूर विचारा. २०१५ च्या बालन्याय कायद्याखाली नोंदणी आहे का, आणि प्रत्येक मूल बालकल्याण समितीच्या आदेशाने आलेलं आहे का? उत्तर देताना चाचरले तर जाऊ नका. आणि त्यांनी तुमच्याकडे पोलिस पडताळणीचा दाखला मागितला नाही, तरीही जाऊ नका. माझ्याकडे सिस्टरनी पहिल्या तासात मागितला. पुण्याच्या मंडळींनी असं काही लागतं हे सांगितलंच नव्हतं, त्यामुळे दाखला ऑनलाइन येईपर्यंतचे सहा दिवस मी फक्त स्वयंपाकघरात आणि धुणं धुण्यात काढले. सिस्टरांचं बरोबरच होतं.

वाटेचं सांगायचं तर बेळगावपर्यंत काही अडचण नाही. रात्रीच्या गाडीने मिरजेवरून सकाळी पोचता. मध्यवर्ती बसस्थानकावरून खानापूरची बस सारखी असते, तासाभरात पोचवते. बसची पाटी कन्नडमध्ये असते, पण कंडक्टरला मराठीत विचारा, नीट सांगतो. बायकांनी एक लक्षात घ्या, कर्नाटकच्या सरकारी बसमध्ये बायकांना तिकीट नाही हे खरं, पण ते कर्नाटकच्या पत्त्याच्या आधारवर. आपल्याला पूर्ण तिकीट पडतं, आणि आपल्याकडचं अर्ध्या तिकिटाचं तिथे काही चालत नाही.

खरी अडचण खानापूरच्या पुढे आहे. ठरलेली गाडी आलीच नाही. जांबोटी रस्त्यावरच्या फाट्यावर बसने सोडलं, तिथून आत सहा किलोमीटर. आत वडाप, म्हणजे माणशी भाड्याची खाजगी गाडी, जातं ते सकाळी आणि शाळा सुटायच्या सुमाराला, माणशी वीस रुपये. मी उतरले दुपारी साडेबाराला. एका रिक्षावाल्याने सातशे मागितले, मी रागाने चालत निघाले. तो राग चुकीचा होता. खानापूरचा जुलै म्हणजे पाऊस थांबत नाही, लाल चिखल घोट्याच्या वर येतो, आणि माझ्याकडे चाकांची बॅग होती. दोन किलोमीटरवर एक चाक निघालं. मोऱ्यांवरून पाणी वाहत होतं. पोचले तेव्हा पायांवर अकरा जळवा होत्या. पाठीवरची बॅग घ्या, मोज्यांना तंबाखूचं पाणी लावा, मिठाची पुडी खिशात ठेवा, आणि काहीही झालं तरी सकाळचंच वडाप पकडा. अंधार पडल्यावर त्या रस्त्याने चालू नका. भीमगडचं जंगल लागूनच आहे, अस्वलं खरोखर येतात.

आत नेटवर्क नाही. वीज दिवसदिवस जाते. हे गृहीत धरून या.

काम काय असतं ते बहुतेकांना ठाऊक नसतं, मलाही नव्हतं. मुलींना गोष्टी सांगायच्या, गाणी शिकवायची असं मनात होतं. पावसाळ्यात तिथलं सगळ्यात मोठं काम म्हणजे कपडे वाळवणं. चौतीस गणवेश, चौतीस चादरी, आणि ऊन महिनाभर नाही. चुलीच्या वर बांबूचा मांडव बांधलेला आहे, त्यावर कपडे टाकायचे आणि दर अर्ध्या तासाने उलटायचे. प्रत्येक कपड्यावर लाल दोऱ्याने मुलीचा नंबर शिवलेला असतो. धुराने पांढरे ब्लाऊज पिवळे पडतात आणि त्यावरून शाळेत चिडवतात, म्हणून मोठ्या मुली ब्लाऊज सगळ्यात वरच्या बांबूवर टाकतात, धूर कमी लागतो तिथे. मी पहिल्या दिवशी खाली टाकले. नववीतल्या एका मुलीने एक शब्द न बोलता सगळे उचलून वर टाकले.

बाकी पहाटे पाचला घंटा, बंब पेटवणं, उप्पीट, शाळा, संध्याकाळी अभ्यास. रविवारी उवा काढायच्या. हे वर्षानुवर्षं चालू आहे, तुम्ही त्यात मुकाट्याने बसायचं. सुधारणा सुचवायला जाऊ नका, निदान पहिले दहा दिवस.

अनाथाश्रम हा शब्द विसरून जा. चौतिसातल्या पाच मुलींना आईवडील दोघेही नाहीत. बाकीच्यांची आई गोव्यात घरकामाला आहे, नाहीतर बाप दारूत गेलाय, नाहीतर दोघे ऊसतोडीला जातात. महिन्यातून एकदा भेटायला येतात. त्या दिवशी स्वयंसेवकांनी मागच्या अंगणात थांबावं, असा नियम आहे. आईला तिथे आणखी एक नवी बाई मुलीची वेणी घालताना दिसू नये म्हणून.

सगळ्यात जास्त मला हे सांगायचंय. पहिल्या आठवड्यात लहान मुलींच्या खोलीत जायचं नाही आणि कुणाला मांडीवर घ्यायचं नाही, असं सिस्टरनी सांगितलं तेव्हा मला ते फार कठोर वाटलं. दुसऱ्याच दिवशी ओट्यावर भाजी चिरताना सहा वर्षांची एक मुलगी येऊन बसली. "किती दिस ऱ्हाणार अक्का?" म्हणाली. मी सांगितलं, एकवीस. मग ती बोटांवर मोजायला लागली. "चष्म्याची अक्का गेली. गिटारची अक्का गेली. दोन वेण्यांची अक्का गेली. केकची अक्का गेली." चार बोटं झाली. अंगठा वर केला आणि तो तिने माझ्या दंडाला टेकवला. रडणं नाही, रुसणं नाही. उठली आणि खेळायला गेली.

त्यानंतर मी कुठलाच नियम मोडला नाही. तीन आठवडे कमी आहेत. तीन महिन्यांची सवड नसेल तर लहान मुलींच्या जवळ जाऊ नका, मागचं काम करा, ते कितीही असतं. जायची तारीख पहिल्या दिवशीच सगळ्यांना सांगा आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर गोल करा. परत येईन असं म्हणू नका.

फोटो काढायचे नाहीत. पुण्याच्या मंडळींच्या जाहिरातीत मुलींचे चेहरे स्पष्ट दिसत होते, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. अशा मुलांची ओळख उघड करणं हा बालन्याय कायद्याच्या ७४ व्या कलमाखाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. माझा फोन सिस्टरांच्या कपाटात असायचा, रात्री आठला मिळायचा.

घरी परतल्यावर सगळे धर्माचं विचारतात, म्हणून जे पाहिलं ते लिहिते. मिशन या भागात नवं नाही, लंडन मिशनचे लोक बेळगावात १८२० मध्येच आले, सेंट पॉल्स शाळा १८५६ ची. मी होते तिथे संध्याकाळी पंधरा मिनिटं प्रार्थना असते, सगळ्या मुली बसतात. ज्यांच्या घरी नागपंचमी आहे त्यांनी नागपंचमी केली, सिस्टरनी त्यासाठी लाह्या आणि मेंदीचे कोन आणले. मला चर्चला ये असं कुणी म्हटलं नाही. सीमाप्रश्न मात्र तिथे काढू नका. सिस्टरांपैकी एक धारवाडच्या, एक गोव्याच्या, स्वयंपाकाच्या मावशी जांबोटीच्या. सगळ्या एकमेकींशी तीन भाषांत बोलतात आणि काम चालतं.

एका रविवारी कणकुंबीला मलप्रभेच्या उगमावर नेलं होतं. छान होतं.

जाताना न्यायच्या वस्तू: लाल दोऱ्याची रिळं, बारीक दातांच्या फण्या, नेलकटर, बॅटऱ्या, सॅनिटरी पॅड. चॉकलेटं आणि बाहुल्या नकोत, कपाट भरून पडल्यात. आणि कुणाला कन्नड येत असेल तर कृपा करून जा. मुली मराठी शाळेत शिकतात, गणितात बऱ्या आहेत, पण एसएसएलसीला, म्हणजे तिथल्या दहावीला, कन्नडचा पेपर असतो आणि त्याच भीतीने दोघींनी गेल्या वर्षी शाळा सोडली. आमच्यासारख्या मराठी बोलणाऱ्या बायका येतात आणि जातात. आठवी ते दहावीच्या अकरा मुलींना ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत रोज संध्याकाळी तासभर कन्नड शिकवणारं माणूस सिस्टरांना हवं आहे. राहायला खोली आहे, जेवण आहे, आणि एक रुपयाही भरायचा नाही.